पोरगं धडा घडाघडा म्हणतंय, पण त्याला वाचता येतंय का? घरच्या घरी पंधरा मिनिटांत काय करता येईल, वाचा सविस्तर

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. पुतणी तिसरीत. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बघा तरी, किती छान वाचती ती." पोरीनं पुस्तक उघडलं आणि अख्खा धडा एका दमात म्हणून दाखवला. कुठं अडखळली नाही. मला कौतुक वाटलं, पण तिची नजर पुस्तकावर कमी आणि माझ्याकडे जास्त होती. म्हणून मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा शब्द कोणता गं?" पोर गप्प. मग हळूच धड्याच्या पहिल्या ओळीपासून पुटपुटायला लागली. बोट होतं तिथपर्यंत म्हणत आली आणि तो शब्द बरोबर सांगितला. म्हणजे पोरीला धडा पाठ होता. वाचता येत नव्हतं.

तिचा यात काहीच दोष नाही. वर्गात सगळे एका सुरात म्हणतात, तीही म्हणायची. घरी विचारलं की म्हणून दाखवायची. शाबासकी मिळत होती. तीन वर्षांत कुणी एका सुट्या शब्दावर बोट ठेवून विचारलंच नव्हतं. मी काका आणि त्यातून बातम्या लिहिणारा माणूस, मी तरी कुठं विचारलं होतं?

असं एकाच घरात घडत नाही. देशभरातल्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासणारा 'असर' नावाचा अहवाल आहे. त्याच्या 2024 च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये हाच आकडा 16.3 टक्के होता. सुधारणा आहे, पण साध्या भाषेत सांगायचं तर तिसरीतल्या चारपैकी तीन पोरांना दुसरीचं वाचता येत नाही. आणि तिसरीनंतर अडचण दुप्पट होते. कारण तिथून पुढं परिसर अभ्यास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच कळून घ्यायचं असतं. ज्याला वाचता येत नाही तो गणितातही मागं पडतो, आणि आपण म्हणतो, "ह्याचं गणित कच्चं आहे."

आधी तपासा, तेही न रागावता

घरी तपासणं सोपं आहे. 'असर'वाले जी पद्धत वापरतात तीच थोडी बदलून वापरा. एका कागदावर अक्षरं उलटसुलट लिहा. क, ख, ग अशी ओळीनं नको, ओळीनं लिहिली की पोरगं म्हणून दाखवतं. त्यातली पाच विचारा. चार बरोबर आली की शब्दांवर या. घर, पाणी, गाय, फूल, मोठा असे साधे पाच शब्द. त्यातले चार आले की चार छोट्या वाक्यांचा मजकूर द्या. तो त्यानं आधी न पाहिलेला हवा आणि शेजारी चित्र नको. चित्रात बैल दिसला की मूल "बैल" म्हणणारच, खाली काहीही लिहिलेलं असो.

मूल जिथं थांबलं तिथून सुरुवात करायची. तिसरीतलं पोरगं अक्षरावर थांबलं तर अक्षरापासून सुरू करायचं. इथं आई-बापाला लाज वाटते आणि ते थेट तिसरीचं पुस्तक पुढं ठेवतात. तसं करू नका.

लिहिणं-वाचणं नंतर, आधी कान

वाचन डोळ्यांनी होतं असं आपल्याला वाटतं, पण त्याची सुरुवात कानापासून होते. 'कपाट' हा शब्द क, पा, ट अशा तुकड्यांचा बनलाय हे मुलाला आधी ऐकून कळायला हवं. नाहीतर क म्हणजे एक काठी, एक गोल आणि एक शेपूट, एवढंच त्याला दिसणार.

ह्यासाठी पाटी-पेन्सिल लागत नाही. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या पोरासोबतही हा खेळ चालतो, शेंगा फोडता फोडता चालतो. टाळ्या वाजवत शब्द तोडा: ब-टा-टा, तीन टाळ्या. वि-मान, दोन टाळ्या. मग एक तुकडा काढून टाका. विमानातून 'वि' काढला तर काय उरलं? मान. कपाटातून 'क' काढला? पाट. बटाट्यातून 'ब' काढला? टाटा! पाऊसमधून 'पा' काढला? ऊस. ह्याच्यावर पोरं खदखदा हसतात आणि स्वतःच नवीन शब्द शोधायला लागतात.

दुसरा खेळ पहिला आवाज बदलायचा. गाडी. आता 'गा'च्या जागी 'सा' घाल. साडी. 'मा' घाल. माडी. काडी, नाडी, झाडी, वाडी. कधीतरी मूल अर्थ नसलेला शब्द बनवेल, 'फाडी' म्हणेल. म्हणू द्या. त्याला आवाज बदलता येतोय, हेच आपल्याला हवंय.

ज्या आजीला सही करता येत नाही, अंगठा लावते, ती हे सगळं घेऊ शकते. उखाणे, ओव्या, कोडी, भेंड्या हे सगळं कानाचंच शिक्षण आहे. आजीला "तुला काय कळतंय वाचनातलं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

क, ख, ग, घ या क्रमानेच शिकवायला हवं का?

नाही. वर्णमाला हा फार शास्त्रशुद्ध तक्ता आहे, तोंडात कुठून आवाज निघतो त्यानुसार लावलेला. पण वाचायला शिकणाऱ्या पोराला त्या क्रमाचा उपयोग कमी. क ख ग घ ङ ही पाच अक्षरं आली तरी त्यातून कामाचा शब्द किती बनतो? आणि 'ङ' मुलाला पुढं वर्षभर कुठं भेटतच नाही.

त्यापेक्षा अशी चार-पाच अक्षरं घ्या की लगेच शब्द बनतील. उदाहरणार्थ क, न, म, र आणि काना, एवढंच. बघा काय काय बनतं: कान, नाक, मान, काम, रान, मका, काका, मामा, नाना, कमान. आणि अख्खं वाक्य: "काका, काम करा." चार अक्षरांत पोरगं वाक्य वाचतंय! पुढच्या आठवड्यात प, ब, स, ल घाला: पान, साप, पाल, बस, लाल, माल. मग दीर्घ वेलांटी आली की काकी, मामी, पीक, बी. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेनं अर्थपूर्ण शब्दांतून मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तेव्हा हे कुठल्या परदेशी पुस्तकातलं खूळ नाही, आपल्या मातीत करून पाहिलेलं आहे.

एक काळजी घ्या. दिसायला सारखी अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, प आणि ष, य आणि थ. एक पक्कं झालं की पंधरा दिवसांनी दुसरं. आणि 'ख' कित्येक पोरं 'र-व' असं वाचतात. त्यात पोराची चूक नाही, तो दिसतोच तसा.

बाराखडीचंही तेच. "क का कि की कु कू" हे गाणं म्हणून पोरांच्या तोंडात बसलेलं असतं, पण मधलाच 'कू' विचारला की परत पहिल्यापासून सुरुवात. पुतणीच्या धड्यासारखंच. म्हणून बाराखडी आडवी न घेता उभी घ्या. आज फक्त काना: का, ना, मा, रा, पा, सा. चार दिवस तेवढंच. मग एक मात्रा: के, ने, मे, रे. मग दोन अक्षरं धरून चिन्हं बदला. पट, पाट, पाटी, पेटी, पोट. मुलाला कळतं की अक्षर तेच आहे, काठ्या-टोप्या बदलल्या की आवाज बदलतो. हे एकदा डोक्यात शिरलं की अर्धी लढाई जिंकली.

मराठीत पोरं नेमकी कुठं अडकतात

पहिली जागा म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. 'किती' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण आवाज क च्या नंतर येतो. डावीकडून उजवीकडे वाचणारं पोरगं तिथं गोंधळणारच. "वेलांटी आधी दिसली तरी क ला आधी बोलू दे" असं सांगा.

दुसरी जागा फार कुणाच्या लक्षात येत नाही. 'घर' हा शब्द पोरगं घ...र... असं प्रत्येक अक्षर लांबवून वाचतं. घ आणि र दोन्ही पूर्ण म्हटले की 'घरअ' असं काहीतरी ऐकू येतं आणि त्याला तो शब्द ओळखता येत नाही. कारण बोलताना आपण शेवटच्या अक्षरातला 'अ' गिळतो. 'शेतकरी' तर आपण 'शेत्करी' म्हणतो, लिहिताना त पूर्ण. म्हणून सुटी अक्षरं वाचून झाली की एक सवय लावा: "आता पटकन म्हण." पटकन म्हटलं की शब्द आपोआप तोंडात येतो.

तिसरं, च आणि ज. 'चहा'तला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'जेवण'मधला ज वेगळा, 'जवळ'मधला वेगळा. लिहायला एकच अक्षर. पोरगं घरात हे शब्द ऐकतंच, म्हणून इथं नियम सांगत बसू नका. दोन्ही म्हणून बघ, कुठला शब्द बरोबर वाटतो, एवढं विचारा.

मग जोडाक्षरं. इथं पोरांपेक्षा मोठ्यांना घाई. साधे शब्द सरसर आल्याशिवाय जोडाक्षराकडे जाऊ नका. गेलात की ऐकून तोडायला शिकवा: रस्-ता, हत्-ती, पुस्-तक. सगळ्यात त्रासदायक 'र'. तो 'सूर्य'मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पोटात तिरका शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाखाली जातो आणि 'दऱ्या'मध्ये आडवा पडतो. एकाच माणसाचे चार वेश. ट्रॅक्टरवर, ट्रकवर लिहिलेलं वाचायची पोरांना हौस असते, तिथंच हा र सापडेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पुस्तकात 'पाणी' लिहिलंय आणि पोरगं 'पानी' म्हणालं, तर ते चुकलं म्हणून टोकू नका. त्यानं वाचलंय, अर्थ कळलाय, आणि घरात जसं बोलतात तसं म्हटलंय. तुम्ही फक्त एकदा नीट 'पाणी' म्हणा आणि पुढं जा. बोलीवरून हसलेलं पोरगं पुन्हा मोठ्यानं वाचायला तोंड उघडत नाही.

अक्षरं येतात, पण वाचन रखडतंय

हा टप्पा खूप घरांत अडतो. पोरगं वाचतं, पण एक-एक शब्द ओढत. आई-बाप म्हणतात, वाचता येतंय की. पण हे वाक्य बघा: "आजी बाजारातून आली तेव्हा तिच्या पिशवीत गरम भजी होती." नऊ शब्द. मिनिटाला 15 शब्द वाचणाऱ्या पोराला ह्याला 36 सेकंद लागतात. 'भजी'पर्यंत येईतो 'आजी' डोक्यातून निघून गेलेली असते. सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून वेग लागतो. शर्यतीसाठी नाही, अर्थ कळावा म्हणून.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात (5 जुलै 2021 पासून) दुसरीच्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलंय. आता मराठीत 'बाजारातून' हा एकच शब्द, हिंदीत त्याचे दोन होतात. म्हणून आकड्याला फार चिकटून बसू नका. पण 15 आणि 60 मधला फरक खराच आहे.

वेग वाढवायला रोज नवीन धडा नको. तोच मजकूर पुन्हा पुन्हा हवा. पन्नास-साठ शब्दांची छोटी गोष्ट घ्या. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, शब्दाखाली बोट फिरवत, आणि पोरगं बघेल. मग दोघं मिळून वाचा. मग ते एकटं वाचेल. मोबाईलवर एक मिनिट लावा, जिथं पोचलं तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, खूण पुढं सरकते. तिसऱ्या, चौथ्या दिवशी आणखी पुढं. स्वतःची खूण पुढं गेलेली बघून पोराला जो आनंद होतो तो दहा रुपयांच्या चॉकलेटनं होत नाही. चार दिवसांनी गोष्ट बदला, नाहीतर तीही पाठ होईल! आणि खूण त्याची त्याच्याशीच तोलायची. शेजारच्या पोराशी, मोठ्या बहिणीशी अजिबात नाही.

पोरगं अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. नाहीच आलं तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवा. तरी नाही आलं तर सांगून टाका आणि पुढं चला. दर दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चुका होत असतील तर गोष्ट अवघड आहे, सोपी घ्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून एकच प्रश्न विचारा: "काय झालं त्यात?" पिशवीत भजी होती हे सांगता आलं, तर वाचन झालं.

रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही, उलट पोराला पुस्तक बघूनच कंटाळा येतो. सुगीत, लग्नसराईत चार दिवस बुडाले तर बुडाले, पाचव्या दिवशी परत बसा.

घरात पुस्तकंच नाहीत, मग वाचायचं काय?

बाजूला बघा. एसटीची पाटी: फलटण, दहिवडी, म्हसवड, वडूज. किराणा दुकानाचा फलक, बिस्किटाचा पुडा, खताची गोणी, दारावरच्या पाटीवरचं बापाचं नाव. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, पोरांना ती वाचायला फार आवडतं. लग्नपत्रिका मात्र जरा नंतर द्या. "चि. सौ. कां." हे काय आहे ते आपल्यालाच धड सांगता येत नाही.

मोबाईल तर घरोघरी आहेच. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' ह्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत एका पानावर एखाद-दुसरं वाक्य असतं, तिथून सुरू करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही 'ई-बालभारती'वरून मोफत उतरवून घेता येतात. मागच्या इयत्तेचं पुस्तक हवं असेल तर ह्याचा उपयोग होतो.

पण यूट्यूबवर बाराखडीचं गाणं लावून दिलं म्हणजे पोरगं वाचायला शिकतंय, असं समजू नका. ते गाणं शिकतंय. चित्र हलतं, सूर चालतो, अक्षराकडे बघायची गरजच पडत नाही. वाचायला तोंड पोराचं चालायला हवं, मोबाईलचं नाही.

मोबाईलचा खरा उपयोग वेगळाच आहे. आपल्या माण-खटावातले कितीतरी बाप गलाईच्या कामासाठी परराज्यात असतात, कुणी मुंबईत माथाडी आहे, कुणी पुण्यात. पोराला वाचलेल्या चार ओळी रेकॉर्ड करून बापाला व्हॉट्सॲपवर पाठवू द्या. पाठवायच्या आधी पोरगं स्वतःच दोन-तीनदा वाचून बघतं, कारण ऐकणारा खरा आहे. आणि बापानं उत्तरात "किती मार्क पडले" असं विचारू नये. "मग त्या आजीचं पुढं काय झालं?" असं विचारावं.

इंग्रजी माध्यमाचं काय?

मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळपास एकच, म्हणून आपलं काम सोपं. इंग्रजीत नाव 'एस' आणि आवाज 'स्', नाव 'एच' आणि आवाज 'ह'. म्हणून नुसतं 'ए बी सी डी' पाठ करून इंग्रजी वाचता येत नाही. आवाज शिकवावे लागतात. तिथंही एस, ए, टी, पी, आय, एन अशी शब्द बनवणारी अक्षरं आधी घेतात, तत्त्व तेच. मूल इंग्रजी शाळेत असलं तरी घरात मराठी वाचायला शिकवा. जी भाषा तो बोलतो तिच्यात आवाज जोडण्याची युक्ती एकदा कळली की दुसऱ्या भाषेत ती परत पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

तरीही येत नसेल तर

आधी डोळे आणि कान तपासा. पुस्तक नाकाला लावून वाचणारं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं, दोनदा हाक मारल्याशिवाय न बघणारं मूल 'मठ्ठ' नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि डॉक्टरांना ही गोष्ट मुद्दाम सांगा. डोळे-कान चांगले आहेत, काही महिने रोज सराव केला, तरी दुसरी-तिसरीतल्या मुलाला अक्षरं लक्षात राहत नाहीत, उलटीसुलटी होतात, असं असेल तर गुरुजींशी बोला. काही मुलांना वाचनाचीच वेगळी अडचण असते. त्यांना वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागतं. मारून ती अडचण जात नाही.

गुरुजींशी बोलताना "आमचा कितवा आला" हे विचारण्याऐवजी "तो न पाहिलेला मजकूर वाचतो का, आणि कुठं अडतो" हे विचारा. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक पोराचं वाचन रोज ऐकणं जमत नाही, हे आपणही समजून घ्यायला हवं. त्यांनी अडचण सांगितली तर तेवढाच भाग घरी घ्या.

पुतणीचं म्हणाल, तर दिवाळीपासून वहिनी तिला रोज संध्याकाळी चुलीपाशी बसवतात. स्वयंपाक चालू असतो आणि पोर वाचत असते. सुरुवात काना-मात्रेपासून करावी लागली, तिसरीत असून. पहिले पंधरा दिवस रडारड झाली. परवा फोन केला तर म्हणाली, "काका, मी एसटीत बसून सगळ्या दुकानांची नावं वाचली. फक्त एक नाही आलं." कोणतं, विचारलं. "ते कृषी सेवा केंद्र. त्यात कृ कसा वाचायचा?"